गुडघा, सर्टिफिकेट आणि पंचविसावं वर्ष

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, म्हणजे दहा फूट, आणि आमच्या गावात हे माप सगळ्यात आधी घेतलं माझ्या बाबांनी, सुतळीनं. २०१५ साल, नुकतीच पेरणी आटोपली होती. मी दहावीत गेलो होतो, उंची सहा फूट आणि तोपर्यंत फक्त कबड्डी खेळलेला. गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्हा, शकुंतला जायची त्या लाइनवरचं, आता ती गाडी बंद आहे.

झालं असं की शाळा उघडल्या उघडल्या पीटीच्या सरांनी पेपरातलं एक कात्रण आणलं आणि वर्गात माझ्या हातात दिलं. पंजाबातल्या बल्लो के नावाच्या खेड्यातला सतनाम सिंग, शेतकऱ्याघरचा पोरगा, सात फूट दोन इंच, त्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, डलास मॅव्हरिक्सनं ५२ व्या नंबरवर घेतलं होतं, भारतात जन्मलेला पहिलाच. सर म्हणाले, वाच आणि घरी दाखव. मी दाखवलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "याले सामान काय लागते?" बस, एवढंच.

दारव्ह्याच्या वेल्डिंगवाल्याकडून १६ एमएमच्या सळईची रिंग करून आणली, आतून ४५ सेंटीमीटर, ते माप सरांनी कागदावर लिहून दिलं होतं. मागं बोर्ड म्हणून जुन्या कोठ्याच्या दाराची फळी. धुऱ्याला लागून खळ्याची जागा होती तिथं पोल गाडला, दोन बंड्या मुरूम टाकून धुमसानं ठोकला. पण खाली शेवटी काळी मातीच, पावसात बॉल टाकला की थप्प करून तिथंच बसायचा, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की भलतीकडे उडायचा. म्हणून मी ड्रिबल, म्हणजे टप्पे टाकत बॉल चालवणं, केलंच नाही, नुसता शॉट मारत राहिलो. सकाळी शाळेच्या आधी दोनशे आणि संध्याकाळी ढोरं बांधून झाली की अंधार पडेपर्यंत. पुढची सात वर्षं मला जे नडलं ते इथूनच सुरू झालं. शॉट चांगला, हँडल म्हणजे बॉलवरचा हात कच्चा.

त्याच वर्षी सर मला अमरावतीला घेऊन गेले, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या ग्राउंडवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही संस्था १९१४ पासूनची आहे, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथली टीम तिकडं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. विदर्भात खेळाचं नाव काढलं की आधी अमरावतीच. मी पहिल्यांदा खरं कोर्ट पाहिलं, २८ बाय १५ मीटर, पांढऱ्या रेषा आखलेलं, बॉल टाकला की हातात परत येतो. मी नुसता टप्पे टाकत उभा राहिलो, पाच मिनिटं तरी.

तिथल्या कोचनी माझा शॉट नाही पाहिला, पाय पाहिले. म्हणाले हा कबड्डीचा पोरगा आहे, दोन्ही पाय एकदम उचलतो. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आला की एक पाय जमिनीला चिकटलेला पाहिजे, त्याला पिव्हट म्हणतात, पास किंवा शॉट न मारता तो उचलला की ट्रॅव्हल, बॉल समोरच्याला. माझे पहिल्या प्रॅक्टिस मॅचमध्ये अकरा ट्रॅव्हल झाले. दहा वर्षांच्या शहरी पोराला जे पायात बसलेलं असते ते मला सोळाव्या वर्षी शिकायचं होतं, आणि मी सांगतो, हात शिकतात, पाय लवकर विसरत नाहीत. रूमवर रात्री मी फरशीवर खडूनं गोल काढून डावा पाय त्यात ठेवायचो आणि उजवा फिरवायचो, पुढं, मागं, पुढं, मागं, रूम पार्टनर झोपलेला असायचा.

अकरावी-बारावी अमरावतीला काढली. एका कॉलेजनं होस्टेल आणि फी माफ करतो म्हणून ॲडमिशन घ्यायला लावली आणि टीम विभागीय स्पर्धेत हरल्यावर होस्टेल रिकामं करायला सांगितलं, ते पण फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर. नाव घेत नाही. २०१७ ला तर घरी बोंडअळीनं कापूस गेला, गुलाबी बोंडअळी, ज्यांच्या घरी पऱ्हाटी होती त्यांना ते साल सांगायची गरज नाही. बोंड फोडलं की आत किडकं. बाबा फोनवर म्हणायचे, "तू तिकडं पाय, इकडचं मी पायतो." मी मेसचं एक वेळचं बंद केलं, सकाळी फुटाणे-गूळ आणि रात्री मेस, आणि घरून आलेली जवसाची चटणी.

आता खेळाचं सांगतो, कारण लोक समजतात उंची आहे म्हणजे झालं. शाळेत, तालुक्याला, जिल्ह्याला मी सगळ्यात उंच, त्यामुळे मला बास्केटखाली उभं करायचे, बॉल दिला की वळून टाकायचा. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य अशा पायऱ्या असतात, राज्यात एकूण आठ विभाग, आमचा अमरावती. विभागापर्यंत हे चाललं. राज्याला गेलो तर समोर सहा फूट सात इंचाचा पोरगा, माझे शॉट त्यानं हवेतच अडवले. माझी उंची सहा फूट चार इंचावर थांबली. खेड्यात ती ताडमाड वाटते, पण नॅशनलच्या हिशेबानं मी सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच खेळाडू, नव्हतोच, फार तर फॉरवर्ड, आणि फॉरवर्डला बाहेरून ६.७५ मीटरवरून तीनचा शॉट पाहिजे, बॉल घेऊन आत घुसता आलं पाहिजे, गार्डला, म्हणजे बॉल चालवणाऱ्या चपळ खेळाडूला, पकडता आलं पाहिजे. म्हणजे अठराव्या वर्षी मला पूर्ण जागा बदलायची होती, तीही ड्रिबलशिवाय वाढलेल्या माणसाला. माझ्यासोबतचे दोघं उंच पोरं इथंच सुटले, त्यांना कोणी सांगितलंच नाही की तुमची जागा बदलणार आहे. विदर्भातल्या पीटीच्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे, उंच पोराला नुसतं बास्केटखाली उभं करू नका, त्याला बॉल चालवू द्या, चुकू द्या.

मला तीन वर्षं लागली. डाव्या हातानं जेवलो, डाव्या हातानं दरवाजे उघडले, दोन टेनिस बॉल घेऊन जिना चढलो-उतरलो. विद्यापीठाच्या टीममध्ये आलो, विद्यापीठांची वेस्ट झोन स्पर्धा खेळलो. कोविडमध्ये सगळी कोर्टं बंद तेव्हा परत गावी, परत तोच धुऱ्यावरचा पोल, पण ह्यावेळी बाबांनी खळ्यावर सिमेंटचा कोबा करून दिला, दहा बाय दहा फुटाचा, आणि त्या दहा फुटात माझं ड्रिबल तयार झालं. मग राज्याच्या कॅम्पला बोलावलं आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात, म्हणजे मार्च २३ च्या आत, नॅशनलचं एक सर्टिफिकेट हातात आलं, रेल्वेच्या भरतीच्या नियमात बसेल असं.

आर्थिक वर्ष मुद्दाम लिहिलं, का ते सांगतो.

आपल्याकडं बास्केटबॉलमध्ये प्रोफेशनल म्हणजे काय हे आधी समजून घ्या. २०१५ ला यूबीए नावाची लीग सुरू झाली, २०१७ नंतर बंद. २०२२ ला आयएनबीएल ही लीग आली, सहा शहरांच्या टीम. पण लीग काही आठवड्यांची, आणि त्यात जागा किती. बाकी वर्षभर पोट भरायला दोनच रस्ते, एक म्हणजे गेस्ट प्लेयर म्हणून गावोगावच्या टुर्नामेंट खेळायच्या आणि दुसरा डिपार्टमेंट, म्हणजे रेल्वे, पोलीस, आर्मी, इन्कम टॅक्स, बँका. डिपार्टमेंटमध्ये लागलं की पगारही आणि खेळही. आमच्यासारख्याचं प्रोफेशनल म्हणजे हेच.

रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचं गणित असं आहे. शंभर मार्क. त्यातले ४० ट्रायलचे, ५० सर्टिफिकेटचे, १० शिक्षणाचे. ट्रायलमध्ये ४० पैकी २५ च्या खाली आलात की अनफिट, मग बाकी कागद कितीही असोत. सर्टिफिकेट चालू आणि त्याच्या मागच्या दोनच आर्थिक वर्षांचं धरतात, त्याआधीचं रद्दी. आणि वय १८ ते २५, कोणालाच सूट नाही. माझा जन्म २००० चा. म्हणजे २०२५ माझं शेवटचं वर्ष, आणि ते २०२२-२३ चं सर्टिफिकेट ३१ मार्च २०२५ पर्यंतच्या जाहिरातीलाच चालणार.

आणि मे २०२३ मध्ये गुडघा गेला.

एका गावातली रात्रीची टुर्नामेंट होती, सिमेंटचं कोर्ट, मी गेस्ट प्लेयर, तीन दिवसांचे तीन हजार आणि जाण्यायेण्याचं भाडं. सेमीफायनलला रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल, घेऊन खाली आलो, कोणी धक्का दिला नाही, काही नाही, उजवा पाय टेकला आणि शरीर डावीकडं वळलं, आणि आतून आवाज आला, हरभऱ्याचा वाळला घाटा फुटते तसा. दुखलं पण नाही फार, तेच विचित्र. उठून चाललोसुद्धा. अर्ध्या तासानं गुडघा टरबुजासारखा सुजला. आयोजकांनी बर्फ दिला आणि एका पोराला सोबत देऊन एसटी स्टँडवर सोडून दिलं. नंतर फोन उचलला नाही. तीन हजारही राहिले.

एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, मांडीच्या मागचा तंतू काढून तिथं बसवावा लागेल, आणि मॅच खेळायला कमीत कमी नऊ महिने. मी तिथंच बोटांवर मोजलं. खर्च सगळा मिळून दीड लाखाच्या जवळ गेला. चाळीस हजार मायच्या बचत गटातून, वीस अमरावतीच्या टीमच्या पोरांनी जमवले, बाकी भाऊजींनी दिले, जावयाकडून पैसे घेताना बाबांच्या तोंडून शब्द निघत नव्हता ते मी पाहिलं आहे.

ऑपरेशननंतर गावी आलो. जुलै, पाऊस, वावरात डवरणी चालू, सगळे बाहेर आणि मी ओसरीत बाजेवर. लोकांना वाटते पहिलं काम पाय वाकवणं, पण पहिलं काम असते पाय पूर्ण सरळ करणं. सरळ नाही झाला तर जन्मभर लंगडं चालणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू आवळून धरायचा, दहा मोजायचे, सोडायचा. दिवसातून सहा वेळा. माझा गुडघा खाली टेकतच नव्हता. फिजिओ अमरावतीला, पंधरा दिवसांनी एकदा जायचो, मधल्या दिवसांत मोजणार कोण? तर मायनं स्वतःच माप काढलं. संध्याकाळी वावरातून आली की हात-पाय धुवायची आणि माझ्या गुडघ्याखालून बोटं घालून पाहायची. पहिल्या आठवड्यात चार बोटं आरामात जायची. मग तीन. तीनवर बारा दिवस अडलं, मी रोज रात्री रडलो, खोटं कशाला सांगू. मग दोन. तिच्या बोटांना निंदणाचा वास असायचा आणि नखांत काळी माती. एका दिवशी तिनं करंगळी घालून पाहिली, परत पाहिली आणि म्हणाली, "आता नाई जात बोट." आणि चुलीकडं गेली.

तिसरा महिना सगळ्यात धोक्याचा हे मला फिजिओनं बजावून सांगितलं होतं. पाय बरा वाटते, सूज नसते, पण आत बसवलेला तंतू तेव्हाच कमजोर असतो, पोरं तिथंच उड्या मारतात आणि परत तुटते. मला तर घड्याळ दिसत होतं. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल सजवून गेले, घरी कोणी नव्हतं आणि मी बॉल घेऊन कोब्यावर गेलो. रिंगखाली उभा राहिलो. उडी मारली नाही. पाय न उचलता नुसते जवळून शॉट टाकले, शंभर, आणि परत आलो. त्या दिवशी उडी न मारणं हे मी आतापर्यंत केलेलं सगळ्यात अवघड काम आहे, कोणत्याही मॅचपेक्षा.

मग सायकल, मग पायऱ्या, मग एका पायावर बसणं-उठणं. ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी पाहिजे, तेव्हा कोर्ट. माझी मांडी टेपनं मोजली तर तीन सेंटीमीटर बारीक. डिसेंबरात तुरीला शेंगा आल्या तेव्हा मी धुऱ्यानं सरळ पळत होतो. वळून पळायला फेब्रुवारी उजाडला. एप्रिल २०२४ ला, म्हणजे दहाव्या महिन्यात, अमरावतीला पहिली फाइव्ह ऑन फाइव्ह. पहिला रिबाउंड आला आणि मी हात वर केले पण पाय सुटलेच नाहीत जमिनीवरून. गुडघा ठीक होता, पण मन मागे होतं. ते यायला अजून तीन महिने.

जाहिरात आली २०२४ च्या पावसाळ्यानंतर. रेल्वेच्या एका झोनला फॉरवर्डची एक जागा. एक. ट्रायलला आम्ही चौदा जण होतो, त्यात दोघं असे की ज्यांना मी मोबाईलवर बघून शिकलो होतो. आधी कागद. फाइल उघडली, ते २०२२-२३ चं सर्टिफिकेट वर, त्या साहेबांनी तारखेवर बोट ठेवलं, चष्मा वर केला, परत तारीख बघितली आणि पुढं सरकवलं. त्या दोन सेकंदात माझा घसा कोरडा पडला होता.

मग फिटनेस. स्प्रिंट, शटल, उभी उडी. नंतर शूटिंग, पाच जागांवरून, आणि इथं मला वावरातला पोल आठवला नाही की काही नाही, हात आपोआप गेले. शेवटी मॅच. कोच मंडळी बाजूला बसून लिहीत होते, कोणाकडं बघून हसत नव्हते. तिसऱ्या क्वार्टरला सहा फूट आठ इंचाच्या सेंटरनं स्क्रीन लावली, म्हणजे आडवा उभा राहून वाट अडवली, आणि त्यांचा गार्ड सुटून माझ्यावर आला. पूर्वी मी तिथं मागं सरकलो असतो. मी समोर पाय टाकला, उजवाच, गार्ड आतमध्ये गेला, मी आडवा सरकलो आणि त्याला बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेषेवर, अडवलं, बॉल बाहेर गेला. पॉइंट नाही, टाळ्या नाहीत. पण मी त्याच पायावर वळलो होतो आणि पाय टिकला होता. बाकीची मॅच मी मोकळा खेळलो.

रिझल्टची यादी दीड महिन्यानं आली. मी चण्याला पाणी देत होतो, रात्रीची लाइट होती, मोबाईलवर पीडीएफ उघडायला नेट नव्हतं म्हणून धुऱ्यावरच्या त्या पोलजवळ गेलो, तिथं थोडं येते. रोल नंबर दिसला. बाबा मोटारपंपाजवळ होते. सांगितलं तर टॉर्च माझ्या तोंडावर मारला, बराच वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "भाऊजीले आधी फोन लाव."

मेडिकलला गुडघ्यावरच्या टाक्यांबद्दल विचारलं, उठबस करायला लावली, फिट दिलं. लेव्हल टू, बेसिक १९,९००, क्लर्क. २०२५ ला जॉइन झालो. पहिल्या चार पगारांतून बचत गटाचे फिटले, अमरावतीच्या पोरांनी घेतले नाहीत, भाऊजींचे अजून बाकी आहेत. सकाळी सहा ते साडेआठ प्रॅक्टिस, मग ऑफिस, संध्याकाळी परत कोर्ट, रात्री उजव्या गुडघ्याला वीस मिनिटं बर्फ. रेल्वेच्या टीममध्ये मी अजून बेंचवरून येतो, मॅचला आठ-दहा मिनिटं. पुढच्या कॅम्पच्या यादीसाठी तिघांत एक जागा आहे.

आणि एक टायपिंगची परीक्षा राहिली आहे, इंग्रजी मिनिटाला ३० शब्द, नाहीतर हिंदी २५. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दोनदा बॉल लागून जाम झालेलं, पूर्ण वाकत नाही, त्यामुळे आय आणि के दाबताना अडकते. ऑफिसातल्या मॅडम सांगतात ते बोट सोडून दे, बाजूच्यानं मार. मी हिंदी घेतलंय, देवनागरी म्हणून. सध्या २१ वर आहे.